विचारा डॉक्टरबाईंना : एकवीस दिवसांचं चायनीज किट

दिवाळी झाली की मला येणाऱ्या पत्रांचं वळणच बदलतं बघा. त्याच्या आधी ताप, खोकला, डेंगू असतं आणि मग एकदम "बॉडी आतून क्लीन कशी करावी" सुरू होतं, म्हणजे चकल्या आपणच खायच्या आणि नंतर घाबरायचं पण आपणच. यावेळी तर निम्म्याहून जास्त पत्रं चायनीज डिटॉक्सवरच आलीत, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली. गुडघेदुखीवाले काका, रागावू नका, तुमचं पत्र टेबलावरच आहे.

डॉक्टरबाई नमस्कार. मी लातूरची, वय 43. माझ्या जावेनं मला एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं, तिथं एक मॅडम रोज सकाळी व्हिडिओ टाकतात, त्यांचं एकवीस दिवसांचं चायनीज हर्बल डिटॉक्स किट आहे, साडेसहा हजाराचं. त्यात दोन टाइमचा चहा, कॅप्सूल अन् रात्री तळपायाला लावायचे पॅड. भाकरी, भात, दूध, आपला चहा सगळं बंद, दिवसभर नुसता बीट, पालक अन् दुधीचा ज्यूस, तोही फ्रिजमधला. आज सहावा दिवस हाय. वजन तीन किलो उतरलं पण डोकं लई दुखायलंय, पाच-सहा वेळा संडासला जावं लागायलंय अन् काल भांडी घासताना अंधारीच आली. मॅडम म्हणतात हे टॉक्सिन बाहेर पडायलेत, थांबू नका. पॅड पण सकाळी काळेकुट्ट निघतात. मला बीपीची गोळी चालू हाय, त्या म्हणल्या एकवीस दिवस ती पण बंद ठेवा. ह्यांना अजून सांगितलं नाही, पैसे माझ्या भिशीचे होते. काय करू?

ताई, तुमच्या पत्रात नंबर होता म्हणून ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी मी फोन केला आणि जे सांगितलं ते इथं बाकीच्यांसाठी लिहिते. किट बंद. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, शीग लावून नाही, ते घोट घोट घेत राहायचं आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडं जाऊन बीपी मोजून गोळीचं विचारायचं. कुणाचं बघून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, ती बंद केली की बीपी काही दिवस गप्प बसतं आणि मग गपकन वर जातं आणि ते डोकं दुखल्याशिवायच जातं बऱ्याचदा.

आता एकेक बघू. डोकं का दुखलं? मी फोनवर विचारलं, दिवसाला चहा किती व्हायचा, तर म्हणल्या "जास्त नाही, सहा-सात कप." आपल्याकडं याला जास्त नाही म्हणतात, आलं-गेलं माणूस धरून. सहा-सात कप चहा एका दिवसात तोडला की कॅफिन तुटतं, आणि कॅफिन तुटलं की एका दिवसात डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी कहर होतो, आठवड्यात आपोआप उतरतं. उपासाला ज्यांना चहा मिळत नाही त्यांना विचारा. यात टॉक्सिन बिक्सिन काही नाही.

संडास का? चहाच्या पुडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला लावलं, चष्मा आणायला गेल्या, आल्या आणि म्हणल्या "सेन्ना लीफ लिहिलंय." म्हणजे सोनामुखी. अहो आपल्या आजीच्या पिशवीतली सोनामुखी, पोट साफ व्हायला एखाद्या रात्री द्यायची, तीच चायनीज नावाच्या रंगीत डब्यात घालून विकायलेत. एखाद दिवस ठीक आहे, पण रोज दोन टाइम एकवीस दिवस म्हणजे अंगातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही वाहून चाललं, मग अंधारी येणार नाही तर काय. आणि जास्त दिवस घेतली की आतड्याला सवय लागते, नंतर ती घेतल्याशिवाय पोटच हलत नाही, मग पुढचं किट घ्या.

तीन किलोचं पण तसंच. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंत थोडी साखर साठवलेली असते आणि तिच्यासोबत तिच्या तिप्पट पाणी असतं. भाकरी-भात बंद केला की पहिल्या तीन-चार दिवसांत ही साखर संपते, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा खाली येतो. चरबी जागच्या जागी असते. भाकरी सुरू करा, दोन किलो परत आलेच म्हणून समजा, त्याला घाबरू नका.

पॅडची मात्र मला मजा वाटली. मी ताईंना म्हणलं एक नवीन पॅड घ्या, पायाला लावू नका, स्टीलच्या ताटलीवर ठेवा, वरून कोमट पाण्याचे दहा-पंधरा थेंब टाका आणि झाकून झोपा. सकाळी सात वाजता यांचाच फोन, हसू आवरत नव्हतं, "डॉक्टरबाई, माझ्या ताटलीचं पण डिटॉक्स झालं की हो!" या पॅडमध्ये लाकडाच्या धुरापासून केलेल्या व्हिनेगरची पावडर असते, ओल लागली की ती काळी पडते, मग ती ओल पायाच्या घामाची असो नाहीतर नळाची. असे पॅड विकणाऱ्यांवर अमेरिकेत 2009 मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं खोट्या जाहिरातीचा खटला भरला होता, आपल्याकडं अजून ऑनलाइन मिळायलेत. पार्लरमध्ये मिठाच्या पाण्यात पाय ठेवून मशीन लावतात ना, पाणी तांबडं होतं ते, तो मशीनच्या पट्टीचा गंज असतो. पाय बाहेर ठेवून लावायला सांगा, तसंच तांबडं होतंय.

आता मुख्य मुद्दा. अंगातली घाण बाहेर काढायचं काम कुणीतरी रोज करतंच की. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी, त्यातलं लागेल तेवढं सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. लातूरच्या माणसाला बारा घागरींची किंमत सांगायला नको, 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं आपल्यासाठी. आणि लिव्हर, दीड किलोचा अवयव, दारू असो, गोळी असो, प्रोटीन पचून तयार झालेला अमोनिया असो, सगळं मोडून तोडून लघवीत नाहीतर पित्तात टाकण्याजोगं करतं. यांना कॅप्सूल लागत नाही, पाणी लागतं आणि वर कामाचा जास्तीचा बोजा टाकला नाही म्हणजे झालं. हा बोजा टाकणारी गोष्ट कधी कधी तीच कॅप्सूल असते, ते खाली सांगते.

एक राहिलंच, तुमच्या कॅप्सूलमध्ये लिकोरिस लिहिलं होतं. ते म्हणजे ज्येष्ठमध, चिनी काढ्यांमध्ये जिथं तिथं असतो, आपण मिठाला जसं हात लावतो तसा. घसा बसला तर एखादी कांडी चघळायला हरकत नाही पण रोज आणि जास्त घेतला तर बीपी वाढवतो आणि पोटॅशियम आणखी खाली आणतो. एकीकडं बीपीची गोळी बंद, दुसरीकडं बीपी वाढवणारी कॅप्सूल आणि तिसरीकडं जुलाब. तुम्ही नुसतं अंधारीवर सुटलात. ह्यांना सांगून टाका, साडेसहा हजार जाऊ द्या.

मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक. तुम्ही ॲलोपॅथीवाले बाकी सगळ्या पॅथींना नावं ठेवता असं माझं स्पष्ट मत आहे. चिनी वैद्यक पाच हजार वर्षं जुनं आहे, आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस तिथं जाऊन हेच शिकले. एवढ्या मोठ्या देशाच्या शास्त्रात शरीरशुद्धीला काही अर्थच नाही का? माझ्या सूनबाईनं पण ते किट मागवलंय म्हणून विचारतो.

सर, रागावलात तरी तुमचं पत्र मला आवडलं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. आधी दोन दुरुस्त्या करते, तुमच्यासारख्यांची करायला मिळते कुठं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले ते सर्जन म्हणून, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करायला, आणि 1942 च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. काढे शिकायला गेले नव्हते. आणि पाच हजार वर्षं ही सांगायची गोष्ट, चिनी वैद्यकाचे जुने ग्रंथ दोनेक हजार वर्षांपूर्वीचे आहेत, ते काय कमी आहे का.

पण नावं ठेवत नाही हो मी, खरं सांगते. चिनी वैद्यकातल्या आहाराचं वाचायला घेतलं की मला माझी आजी बोलायलीय असंच वाटतं. पदार्थ उष्ण, कोमट, थंड आणि अतिथंड असे चार गुणांचे, आणि चवी पाच, आपल्या सहा, त्यांच्यात तुरट वेगळी धरत नाहीत. आलं, दालचिनी, मटण उष्ण. मूग, काकडी, कलिंगड, कारलं थंड. उन्हाळ्यात तिकडं घरोघरी मुगाचं पाणी उकळून पितात, आपण आजारी माणसाला मुगाचं कढण देतो तसंच. सकाळी भाताची पातळ पेज. वैद्याकडं गेलं की तो जीभ बघणार, दोन्ही हातांच्या नाड्या बघणार, झोप कशी लागते, संडासला कसं होतं, घाम कधी येतो, हात-पाय गार पडतात का, सगळं विचारणार आणि मग त्या एका माणसापुरता काढा लिहून देणार. शेजारी बसलेल्या माणसाला तोच रोग असला तरी काढा वेगळा. आता सांगा, जो वैद्य दोन माणसांना एक काढा देत नाही त्याच्या नावावर लातूरपासून नांदेडपर्यंत सगळ्या बायांना एकच डबा विकायचा, हे चायनीज तरी आहे का?

आणि गंमत म्हणजे हा ज्यूस. चिनी वैद्यकाच्या हिशोबानं कच्चं आणि गार खाणं पचनाला मारक, त्यांचा सगळा भर गरम आणि शिजवलेल्या अन्नावर, पाणीसुद्धा कोमट पितात. या लातूरच्या ताई सहा दिवस फ्रिजमधून काढून पालकाचा ज्यूस प्यायल्या. एखाद्या चिनी म्हाताऱ्या वैद्याला हे दाखवलं तर तो आधी यांना आल्याचा गरम काढा देईल आणि मग त्या मॅडमचा पत्ता विचारेल. विष उतरवणं हा शब्द त्यांच्याकडं आहे, नाही असं नाही, पण तो ताप, घसा सुजणं, गळवं, पू अशा उष्णतेच्या आजारांसाठी, त्यात शेवंती वगैरे थंड गुणाच्या वनस्पती वापरतात. दिवाळीचा फराळ उतरवायला नाही.

त्यांच्या जुन्या ज्ञानात दम आहे हे कुणी नाकारत नाही. "तू यूयू" नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियाच्या औषधासाठी. आधी ज्या वनस्पतीचा अर्क उकळून काढत होते त्याचा गुण कधी यायचा कधी नाही, मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याची एक ओळ सापडली की मूठभर पाला पाण्यात भिजवायचा आणि पिळून रस प्यायचा. उकळायचं लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि 1971 मध्ये तो उंदरांवर, माकडांवर पूर्ण लागू पडला, पुढच्या वर्षी आर्टेमिसिनिन वेगळं काढलं. आपल्या सरकारी दवाखान्यात आज मलेरियाला ज्या गोळ्या देतात त्यातल्या काही याच घराण्यातल्या आहेत. पण बघा, ते ज्ञान आधी उंदरावर तपासलं, मग बाईंनी स्वतः घेऊन बघितलं, मग पेशंटला दिलं. डबा भरून व्हॉट्सॲपवर टाकला नाही.

आणि त्याच देशाच्या वनस्पतीची दुसरी गोष्ट पण सांगते, सूनबाईंना वाचून दाखवा. 1990 च्या सुमाराला बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायच्या कॅप्सूलमध्ये चिनी वनस्पती घालायला सुरुवात केली. जी वनस्पती घालायची होती आणि जी चुकून आली त्या दोघींच्या चिनी नावाच्या शेवटी "फांग जी" हेच येतं, त्यामुळं घोटाळा झाला. चुकून आलेलीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभरेक बायांच्या किडन्या खराब झाल्या, कितीतरी जणी डायलिसिसवर गेल्या, किडनी बदलावी लागली आणि पुढं काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. सगळ्या चांगल्या धडधाकट बाया होत्या, चार-सहा किलो उतरवायला आलेल्या. त्याच कुळातली ईश्वरमूळ आपल्याकडं पण रानात सापडते आणि लोक साप-विंचवावर देतात, तिच्यापासून लांब राहा.

तुम्हाला वाटेल बाई फक्त चीनलाच बोलते, तर घरचं पण सांगते. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी 70 औषधं तपासली, 14 मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. कोरोनात लोकांनी गुळवेलीचा काढा तांब्या-तांब्यानं प्यायला आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातून लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. मला एवढंच कळतं की जे औषध काम करतं ते चुकीच्या माणसात, चुकीच्या मापात बाधतं पण.

मी बीडहून लिहितेय, मला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू. सकाळी दुधीचा अन् कारल्याचा ज्यूस घेते, सोबत एक चायनीज हर्बल गोळी, शुगर एकदम 90 वर आलीय. आता मेटफॉर्मिन सोडू का?

सोडू नका, उलट ती हर्बल गोळी सोडा आणि दोन दिवसांत डॉक्टरला भेटा. एवढी झटपट शुगर पाडणाऱ्या "हर्बल" गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड नावाचं ॲलोपॅथीचंच औषध न सांगता मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत सापडलंय, त्यानं शुगर नको तेवढी उतरते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो. वजनाच्या हर्बल गोळ्यांत तसंच सिब्यूट्रामिन सापडतं, जे हार्टला धोका म्हणून बंद केलेलं औषध आहे. हातापायाला कापरं सुटलं, घाम आला, भूक लागून डोळ्यापुढं अंधारलं तर आधी गूळ-साखर खा, मग फोन करा.

आणि दुधीचं एक. ज्यूस करायच्या आधी दुधीचा तुकडा कापून जिभेला लावून बघत जा, जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, बैलाला पण घालू नका. 2010 मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा ज्यूस पिऊन वारले. भाजीत कडू लागला तर आपण पहिल्या घासाला थुंकतो, ज्यूस मात्र नाक दाबून "कडू म्हणजे औषधी" म्हणत पूर्ण ग्लास पितो, तिथं घात होतो.

मी परभणीकडचा शेतकरी, सोयाबीन अन् कापूस. फवारणी करून आलं की संध्याकाळी डोकं जड होतंय, मळमळ होतीय. गावातले म्हणतात गूळ खा, दूध पी, विष उतरतंय. आता एकजण म्हणला चायनीज डिटॉक्स चहा घे, सगळं केमिकल निघतंय. खरं हाय का?

दादा, या अंकातलं खरं विषाचं पत्र तुमचं एकट्याचं आहे, म्हणून नीट वाचा. चहा, गूळ, दूध, यातल्या कशानंही फवारणीचं औषध उतरत नाही. ते जातं कुठून माहीत आहे का, तोंडातून कमी, कातडीतून जास्त. पाठीवरचा पंप गळतो, शर्टची पाठ भिजते आणि तोच ओला शर्ट दिवसभर अंगात. 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, ते विसरू नका.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याकडं पाठ करून फवारायचं, भर उन्हात नाही, मध्येच बिडी-तंबाखू नाही, त्याच हातानं तंबाखू मळली की औषध थेट पोटात. घरी आलं की अंगणातच कपडे काढायचे, साबण लावून डोक्यापासून आंघोळ, आणि ते कपडे लेकराच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. बायको धुत असेल तर तिला पण हातमोजे द्या, तिच्याकडं कुणी बघत नाही.

तोंडाला लाळ सुटली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली, खूप घाम, उलटी, दम लागला, अंग फडफडायला लागलं तर घरी काही पाजत बसू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी तर मुळीच काढू नका. कपडे काढून अंग धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना. औषधाचा डबा सोबत न्यायचाच, लेबल फाटलेलं असलं तरी न्या, त्यावरून डॉक्टरला कळतं काय द्यायचं. काही औषधांवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं, ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. तुम्हाला दर फवारणीला मळमळ होते म्हणजे पंप गळतोय नाहीतर तुम्ही मोजे घालत नाही, दोन्हीतलं एक खरं असणार.

किनवटहून. आमच्या वस्तीवर बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडलेत. बॉडी डिटॉक्स केल्यानं दात पांढरे होतील का?

नाही होणार बाळा. ते फ्लोराइड आहे, नांदेड जिल्ह्याच्या त्या भागातला जुना त्रास आहे हा. दात हिरडीत तयार होत असतानाच त्यात ते बसतं, नंतर कुठल्याही चहानं निघत नाही. पण पुढं हाडं धरू नयेत म्हणून पाणी बदलणं लागतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत सरकार सूट देतं. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन त्या बोअरचं पाणी तपासून घ्या, सरकारी प्रयोगशाळेत होतं, आणि तोपर्यंत प्यायला-स्वयंपाकाला दुसऱ्या विहिरीचं नाहीतर आरओचं पाणी. किटच्या पैशात चार घरांनी मिळून फिल्टर येईल.

मी नांदेडला होस्टेलवर. पिंपल्स साठी चायनीज ग्रीन टी दिवसातून सहा वेळा. काही होत नाहीये.

होणार पण नाही. दोन कप प्या आवडत असेल तर, जेवणाच्या वेळी नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि आपल्या पोरींचं हिमोग्लोबिन आधीच तळाला असतं. पिंपल्ससाठी स्किनच्या डॉक्टरला दाखव, आणि मैत्रिणीची फेअरनेस क्रीम वापरत असशील तर ती आधी बंद कर, त्यात स्टेरॉइड असतं कधी कधी.

डॉक्टरबाई, मी औशाची, सगळं बंद करा म्हणता तर मग खायचं काय ते तरी सांगा. दिवाळीनंतर पोट खरंच जड झालंय, ॲसिडिटी आहे, अंगाला आळस आलाय. अन् येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, पण तोंडावर आली, तोवर पोट हलकं करायचंय.

हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. जड झालंय ते तेल-तूप-साखर आणि जागरणानं, ते आठ-दहा दिवस साधं खाल्लं की उतरतं, याला नाव काय द्यायचं ते द्या.

तिकडं चिनी माणूस पेज पितो तशा आपल्या ज्वारीच्या कण्या. तुम्हाला सांगायची गरज नाही पण शहरातल्या सुनांसाठी लिहिते: ज्वारी जाडसर भरडायची, जातं नसेल तर मिक्सरला एक-दोन फिरक्या देऊन, पाखडून वरचं पीठ बाजूला काढायचं, राहिलेल्या कण्या तासभर भिजवून मंद गॅसवर शिजवायच्या, हलवत राहायचं नाहीतर बुडाला लागतात, शिजत आल्या की ताक घालायचं, मीठ, आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. गरम गरम वाटीभर रात्री आठच्या आत. सोबत काही लागलंच तर जवसाची चटणी, पण तेल जपून.

दुपारी भाकरी, मुगाचं नाहीतर तुरीचं पातळ वरण आणि पालेभाजी. आता थंडीत करडईची, घोळाची, अंबाडीची, तांदुळजाची, हरभऱ्याची कोवळी भाजी गल्लीत दारावर येते, पाच-दहा रुपयाला जुडी. ज्यूस करून चोथा फेकून द्यायचा म्हणजे पोट साफ करणारा भागच फेकायचा, भाजी करून चावून खा. किडनीस्टोन होऊन गेलेला असेल तर पालकाचा ज्यूस तर मुळीच नको, त्यातल्या ऑक्झलेटचे खडे होतात. चहा एकदम तोडायचा नाही, सहाचे चार, चाराचे तीन करायचे. संध्याकाळचं फरसाण उचलून वरच्या फळीवर ठेवा जिथं स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, हा माझ्या घरचा उपाय आहे आणि आमच्या ह्यांना स्टूलवर चढायचा कंटाळा आहे म्हणून लागू पडतो.

घरात कुणी रोज दारू पीत असेल, तंबाखू खात असेल तर त्याला कण्या घालून काही होत नाही, ते आधी सोडवायचं बघा. ॲसिडिटी पंधरा दिवसांच्या वर राहिली, काळी संडास झाली, गिळायला अडकायला लागलं तर तपासून घ्या, घरी काढे करत बसू नका.

आणि येळवसच्या आधी उपाशी राहून पोट हलकं वगैरे करू नका बाई. त्या दिवशी रानात कडब्याच्या कोपीपुढं बसून जे जेवतो ना, त्यात ताकात आंबवलेलं ज्वारीचं आंबील, भज्जीत ओला हरभरा, वाटाणा, तूर, शेंगदाणे, गाजर, दहा प्रकारचा पाला, बाजरीचे उंडे, म्हणजे दह्या-ताकातले जिवाणू पण आले, डाळी पण आल्या, चोथा पण आला. भज्जी दोनदा घ्या, आंबील बिंदगी, म्हणजे भांडं, संपेपर्यंत प्या, खीर-पोळीला जरा हात आखडा, आणि जेवण झाल्यावर बोरीखाली आडवं होण्याआधी बांधावरून एक चक्कर मारून या, लेकरं बोरं पाडत असतातच तिकडं.